बाहेरून पाठिंब्याची कुळकथा

मीरा-भाईंदर विधानसभा मतदारसंघाचा क्रमांक १४५. महाराष्ट्राच्या २८८ जणांच्या विधानसभेत बहुमताचा आकडाही १४५च. २०१४ साली या दोन आकड्यांची गाठ पडली. १९ ऑक्टोबरला मतमोजणी झाली आणि इथे भाजपचे नरेंद्र मेहता यांनी राष्ट्रवादीचे आमदार गिल्बर्ट मेंडोन्सा यांना पाडले. राज्यात मात्र भाजपची गाडी १२२ वर अडकली होती. निकाल पुरते हाती येण्याआधीच प्रफुल्ल पटेल यांनी जाहीर केले की राष्ट्रवादी भाजपच्या सरकारला बाहेरून पाठिंबा देईल. याच मतदारसंघातल्या नवघरच्या गल्ल्यांत महिनाभर एकमेकांच्या विरोधात घसा कोरडा करणाऱ्या कार्यकर्त्यांना त्या दिवशी कळले, की आपले दोन्ही पक्ष मुंबईत एका बाजूला असू शकतात.

मागितल्याशिवाय मिळालेला, कागदावर अटी नसलेला हा पाठिंबा काही आभाळातून पडला नव्हता. त्याला मोठे कुळ आहे, आणि ते मुंबई इलाख्यापासून सुरू होते.

१९३७ च्या निवडणुकीत इलाख्यात काँग्रेस सर्वांत मोठा पक्ष ठरली. पण गव्हर्नर आपले खास अधिकार वापरणार नाहीत असे आश्वासन मिळेपर्यंत मंत्रिपदे घ्यायची नाहीत, असे तिने ठरवले. मग १ एप्रिलला साताऱ्याचे धनजीशा कूपर यांनी मंत्रिमंडळ बनवले. कूपर ब्राह्मणेतर चळवळीच्या वर्तुळातले पारशी उद्योजक, आणि त्यांच्या मंत्रिमंडळात जमनादास मेहता, म्हणजे टिळकांच्या परंपरेतले जहाल गृहस्थ. एरवी हे दोघे एका पंगतीला बसले नसते. जुलैत काँग्रेसने विचार बदलला, बाळासाहेब खेर मुख्यमंत्री झाले आणि कूपर यांना सभागृहासमोर उभे राहावेच लागले नाही. आपल्याकडच्या पहिल्या अल्पमतातल्या मंत्रिमंडळाची परीक्षा अशी न देताच संपली.

स्वतंत्र भारतात ही परीक्षा त्रावणकोर-कोचीनने दिली. १९५४ साली तिथे प्रजासमाजवादी पक्षाचे जेमतेम १९ आमदार होते आणि काँग्रेसचे ४५. काँग्रेसने सत्तेत न जाता पाठिंबा दिला आणि पट्टम थाणू पिल्ले मुख्यमंत्री झाले. विरोधकांनी काही बाबतींत सरकार पक्षाला साथ द्यावी, हा विचार मुंबईचे कामगार पुढारी अशोक मेहता वर्षभरापूर्वी पक्षाच्या बैतूलच्या अधिवेशनात मांडून चुकले होते. ऑगस्टमध्ये पोलिसांनी गोळीबार केला, माणसे मेली. पक्षाचे सरचिटणीस राममनोहर लोहिया यांनी आपल्याच सरकारचा राजीनामा मागितला. पक्षात उभी फूट पडली आणि १९५५ च्या फेब्रुवारीत सरकारही गेले. पाठिंबा कशासाठी आणि कुठवर, हे कुणीच लिहून ठेवले नव्हते. पोलिसांच्या गोळीने माणसे मेली याचा जाब नेमका कुणी द्यायचा, हा प्रश्न तिथे पहिल्यांदा उभा राहिला.

महाराष्ट्राने त्याच काळात दुसरी रीत शोधली, आणि मला तिचा मनापासून अभिमान आहे. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्याच्या टिळक स्मारक मंदिरात, केशवराव जेधे यांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त महाराष्ट्र समिती जन्माला आली. डांग्यांचे कम्युनिस्ट, एस. एम. जोशींचे समाजवादी, शेतकरी कामगार पक्ष, आंबेडकरांच्या शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनची माणसे, हिंदुमहासभा, जनसंघ असे सगळे एका छताखाली आले. यांतल्या कुणाचेही कुणाशी पटत नव्हते. काँग्रेस, रशिया, धर्म, जमीन, कशावरच एकमत नव्हते. कलम एकच होते: मुंबईसह मराठी भाषकांचे राज्य. १९५७ च्या निवडणुकीत समितीने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला धूळ चारली. मुंबई महापालिकेत आचार्य दोंदे आणि त्यांच्यानंतर कम्युनिस्ट एस. एस. मिरजकर महापौर झाले. जनसंघाच्या सहप्रवाशाला कम्युनिस्ट महापौर चालला, कारण दोघांनी कुठवर सोबत जायचे ते ठरले होते. त्यापलीकडचा विषय आला की समिती खिळखिळी व्हायची. १९६० साली राज्य मिळाल्यावर ती फुटली. ही फूट मी अपयशात धरत नाही. ठरलेले काम झाले आणि माणसे आपापल्या घरी गेली.

समितीची ही शिस्त दिल्लीत दिसली नाही. १९७९ च्या जुलैत यशवंतराव चव्हाणांनी मोरारजींच्या सरकारविरुद्ध अविश्वासाचा ठराव आणला. पुढे चरणसिंग पंतप्रधान झाले आणि चव्हाण उपपंतप्रधान. इंदिरा गांधींचा पाठिंबा बाहेरून होता, आणि चरणसिंग लोकसभेला तोंड देण्याआधीच, ऑगस्टमध्ये, त्यांनी तो काढून घेतला. मराठी माणसाच्या राजकीय आठवणीत 'बाहेरून पाठिंबा' या शब्दांना जो संशय चिकटलेला आहे, तो बराचसा त्या ऑगस्टचा आहे.

दहा वर्षांनी विश्वनाथ प्रतापसिंग यांच्या सरकारला एका बाजूने भाजप आणि दुसऱ्या बाजूने डावे असा दुहेरी आधार होता. राजापूरचे खासदार मधु दंडवते अर्थमंत्री होते. आठवड्यातून एकदा पंतप्रधान दोन्हीकडच्या नेत्यांना जेवायला बोलावत आणि मतभेद तिथे निस्तरत. शेतकऱ्यांची दहा हजारांपर्यंतची कर्जे माफ झाली ती याच सरकारात. पण मंडल आणि अयोध्या हे दोन विषय जेवणाच्या टेबलावर मावणारे नव्हते. २३ ऑक्टोबर १९९० ला लालकृष्ण अडवाणींना समस्तीपूरला अटक झाली आणि भाजपने हात काढून घेतला.

महाराष्ट्रात या दोन्हींच्या आधीच पुरोगामी लोकशाही दलाचे, म्हणजे पुलोदचे, सरकार आले होते. १८ जुलै १९७८ रोजी शरद पवार मुख्यमंत्री झाले. त्यांच्या मंत्रिमंडळात शेकापचे एन. डी. पाटील आणि गणपतराव देशमुख होते, तसे जनसंघातून जनता पक्षात आलेले उत्तमराव पाटील आणि हशू अडवाणीही होते. हे सरकार अल्पमतातले नव्हते. तरीही ते इथे घ्यावे लागते, कारण विरुद्ध टोकाच्या माणसांनी एकत्र येऊन काय केले हे त्यात दिसते. नऊच दिवसांत दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला. मराठवाडा पेटला, दलित वस्त्या जळाल्या आणि अंमलबजावणी थांबली. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. ठराव करण्यापुरते एकमत होते, पण ठरावाच्या मागे उभे राहण्याची ताकद त्या एकमतात नव्हती. याउलट वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेला, १९७७ साली मंजूर झालेला रोजगार हमीचा कायदा २६ जानेवारी १९७९ ला याच सरकारने लागू केला. त्या हमीचा धागा पुढे २००५ च्या राष्ट्रीय रोजगार हमी कायद्यापर्यंत जातो, आणि तो कायदा झाला तेव्हा मनमोहनसिंग सरकार डाव्यांच्या बाहेरून पाठिंब्यावर उभे होते. त्या वेळी किमान समान कार्यक्रम छापील होता. डावे त्यातले एकेक कलम दाखवून भांडत आणि २००८ साली अणुकरारावरून वेगळे झाले तेव्हाही लपूनछपून गेले नाहीत.

न्यूझीलंडमध्ये हा व्यवहार लेखी करारानेच होतो. लहान पक्ष विश्वासदर्शक ठराव आणि अर्थसंकल्प एवढ्यापुरते सरकारला मत देतो, बाकी विषयांवर मोकळा राहतो आणि करार लोकांना वाचायला मिळतो.

आपल्याकडे असा कागद ग्रामपंचायतीतून शहर झालेल्या नवघरच्या वाट्याला आला, विधानसभेच्या नाही. १९८५ साली नवघरसह पाच ग्रामपंचायतींची मीरा-भाईंदर नगरपरिषद झाली, २८ फेब्रुवारी २००२ ला महापालिका. पक्षांतरबंदीचा १९८६ चा जो कायदा स्थानिक संस्थांना लागू आहे, त्यात 'आघाडी' हा शब्दच आहे. निवडणुकीनंतर जमलेल्या आघाडीचीही ठरल्या मुदतीत नोंद करता येते. मीरा-भाईंदरच्या नगरसेवकांना त्यासाठी कोकण विभागीय आयुक्तांकडे जावे लागते. कोण कुणासोबत आहे ते सहीनिशी दप्तरात जाते. महापौर निवडताना हात वर करावा लागतो, म्हणजे कुणाचे मत कुणाला गेले ते सगळ्या सभागृहाला दिसते. ९५ जणांच्या या सभागृहात २०१२ साली कुणालाच बहुमत नव्हते, तरी कारभार चालला. अशा नोंदीने अनीती थांबते असा माझा दावा नाही. याच ठाणे जिल्ह्यात अंबरनाथला २०२६ च्या सुरुवातीला भाजप आणि काँग्रेसचे नगरसेवक एका आघाडीत आले, आणि काँग्रेसने आपल्या नगरसेवकांना निलंबित केले. पण निलंबन कुणाचे करायचे हे पक्षाला कळले, ते नावे समोर होती म्हणून.

विधानसभेत २०१४ साली ही नावे समोर आलीच नाहीत. ३१ ऑक्टोबरला देवेंद्र फडणवीस यांनी वानखेडेवर शपथ घेतली. मुखेडचे आमदार गोविंद राठोड यांच्या निधनामुळे भाजपचे १२१ उरले होते. १२ नोव्हेंबरला आधी हरिभाऊ बागडे अध्यक्ष झाले आणि मग आशिष शेलार यांनी विश्वासदर्शक ठराव मांडला. अध्यक्षांनी होकार-नकार विचारला, आवाज ऐकला आणि ठराव मंजूर झाल्याचे सांगितले. शिवसेना आणि काँग्रेस मतविभागणीसाठी ओरडत राहिले. राष्ट्रवादीच्या ४१ आमदारांतला एकही माणूस आपले नाव घेऊन भाजपच्या बाजूने उभा राहिला नाही; तशी वेळच आणली गेली नाही. ज्या मतदाराने मीरा-भाईंदरमध्ये भाजपला अडवण्यासाठी राष्ट्रवादीच्या घड्याळाचे बटण दाबले, त्याचे मत पुढे कुठे गेले याची नोंद कामकाजात सापडत नाही. विचार न जुळणाऱ्या पक्षाला पाठिंबा देणे ही चूक नव्हती. लोकांनी त्रिशंकू कौल दिला की कुणाला तरी दोन पावले पुढे यावेच लागते. पण पाठिंबा द्यायचा आणि मत मोजू द्यायचे नाही, हे मतदाराला फसवणे होते. ५ डिसेंबरला शिवसेना सरकारात आली आणि प्रश्न आपोआप मिटल्यासारखा झाला.

बहुमत सभागृहातच सिद्ध व्हावे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ च्या बोम्मई खटल्यात सांगितले होते. ते कसे व्हावे, हे २६ नोव्हेंबर २०१९ च्या आदेशात आले: मतदान गुप्त नको, आणि कामकाजाचे थेट प्रक्षेपण व्हावे. त्याच दिवशी फडणवीस यांनी राजीनामा दिला. ३० तारखेला उद्धव ठाकरे यांच्या सरकारची परीक्षा झाली. भाजपने सभात्याग केला. हंगामी अध्यक्ष दिलीप वळसे-पाटील यांच्यासमोर शिरगणती सुरू झाली, एकेक आमदार उभा राहून आपले नाव सांगत होता. सेना, राष्ट्रवादी, काँग्रेस आणि त्यांच्या मित्रांची संख्या १६९ भरली. चौघे तटस्थ राहिले: मनसेचा एक, एमआयएमचे दोन, आणि डहाणूचे मार्क्सवादी आमदार विनोद निकोले. त्यांची तटस्थताही त्या शिरगणतीत वेगळी मोजली गेली.