‘तीन आघाड्या’
मजकुरातील हा उल्लेख बांगलादेशात जनरल इर्शाद यांच्या राजवटीविरुद्ध लढणाऱ्या आघाड्यांचा आहे : शेख हसीनांच्या अवामी लीगची आठ पक्षांची, खालिदा झियांच्या बीएनपीची सात पक्षांची आणि डाव्यांची पाच पक्षांची. आठ आणि पाच ही मुळात एकाच पंधरा पक्षांच्या आघाडीची शकले. १९८६ची निवडणूक लढवावी की नाही, यावरून ती फुटली. या फुटीमुळेच इर्शाद यांना आणखी काही वर्षे मिळाली, असे आमचे मत आहे. सामान्य माणसे मात्र थांबली नव्हती. १० नोव्हेंबर १९८७ रोजी ढाक्यात नूर हुसेन हा तरुण उघड्या छातीपाठीवर पांढऱ्या रंगाने लोकशाहीच्या घोषणा लिहून मोर्चात उतरला आणि पोलिसांच्या गोळीला बळी पडला. पुढे १९ नोव्हेंबर १९९० रोजी तिन्ही आघाड्यांनी सत्तांतराचा आराखडा जाहीर केला. त्यात घटनेची चौकट न मोडण्याचा मार्ग होता, हे विशेष महत्त्वाचे : उपराष्ट्रपतींनी राजीनामा द्यायचा, त्या जागी सर्वांना मान्य असलेली निःपक्ष व्यक्ती नेमायची आणि तिच्याकडे कारभार सोपवून राष्ट्राध्यक्षांनी पायउतार व्हायचे. ६ डिसेंबरला तसेच घडले. सूत्रे सरन्यायाधीश शहाबुद्दीन अहमद यांच्याकडे आली आणि फेब्रुवारी १९९१मध्ये मतदान झाले. — संपा.