मावळातील पोलीस कल्याण आणि प्रादेशिक सहकार्य : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

महाराष्ट्रात पोलिसांच्या घरांसाठी १९७४ मध्ये स्वतंत्र महामंडळ स्थापन झाले. कामाच्या तासांचा प्रश्न मात्र दीर्घकाळ दुर्लक्षित राहिला. २०१६ मध्ये मुंबईच्या देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग झाला. मावळात द्रुतगती मार्ग, कार्ल्याची एकवीरा यात्रा व लोणावळ्यातील पावसाळी गर्दी यांमुळे बंदोबस्ताचे तास वाढतात. त्यातच २०१८ मध्ये पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालय स्थापन होऊन तळेगाव दाभाडे त्यात समाविष्ट झाले. वडगाव, कामशेत व लोणावळा पुणे ग्रामीण दलाकडेच राहिले. एकट्या ठाण्याच्या मनुष्यबळावर आठ तासांची पाळी टिकणे कठीण आहे. म्हणून गर्दीच्या दिवसांत दोन्ही दलांनी परस्परांस मनुष्यबळ पुरविणे, हा येथील पोलीस कल्याणाचा पाया ठरावा, असे प्रस्तुत लेखकास वाटते.