हेल आणि हशा

विनोदी सिनेमातला इंग्रज रॉकवाला तोंड उघडतो तेव्हा त्याचा हेल कामगारवस्तीतला असतो, आणि लोक हसायला लागतात. गंमत अशी की हा हेल मूळ गाण्यात नव्हताच.

रॉक अमेरिकेतून आला, म्हणून इंग्रज पोरं तो अमेरिकन उच्चारांतच गात. भाषाशास्त्रज्ञ पीटर ट्रडगिल यांनी १९८३ साली याचा बारकाईने अभ्यास मांडला: ‘लाइफ’चं ‘लाफ’ होई आणि इंग्लंडात बहुतेक ठिकाणी गिळला जाणारा शब्दाच्या शेवटचा ‘र’ गाताना चांगला ऐकू येई. बोलीला जागा मिळे ती थट्टेपुरती. गायक लॉनी डोनेगन हे याचं नेमकं उदाहरण. ‘रॉक आयलंड लाइन’ त्याने अमेरिकन ढंगात गायलं आणि १९६० साली कचरेवाल्या बापाचं गमतीचं गाणं म्हणताना मात्र तो थेट लंडनच्या कॉकनीत शिरला. गंभीर ते परक्या उच्चारात आणि हसण्यावारी न्यायचं ते आपल्या, अशी ही वाटणी मला खटकते.

ती मोडली लिव्हरपूलच्या पोरांनी. ६ जून १९६२ रोजी बीटल्स लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत चाचणीला आले. समोर होते निर्माते जॉर्ज मार्टिन. पीटर सेलर्स आणि स्पाइक मिलिगन यांच्या विनोदी तबकड्या त्यांनीच केलेल्या, आणि ही मुलं त्या दोघांच्या रेडिओवरच्या ‘गून शो’वर वाढलेली. काही आवडलं नसेल तर सांगा, असं मार्टिन म्हणाले. जॉर्ज हॅरिसन म्हणाला, तुमचा टायच आवडला नाही. इथे कोणी त्याच्या हेलाला हसलं नाही, हशा त्याच्या हजरजबाबीपणाने पिकवला.

लिव्हरपूलची बोली, स्काउस, लँकेशरच्या बोलीत आयरिश आणि वेल्श स्थलांतरितांचे सूर मिसळून घडली. तिच्यात शब्दाच्या शेवटचा ‘क’ घशात घासून ‘ख़’कडे झुकतो. वेल्समध्ये जन्मून लिव्हरपुलात वाढलेले नाटककार ॲलन ओवेन यांनी बीटल्सच्या १९६४ च्या ‘अ हार्ड डेज नाइट’ या सिनेमाचे संवाद लिहिले. त्यात हॅरिसन न आवडलेल्या शर्टांना ‘ग्रॉटी’ म्हणतो आणि समोरच्याला कळेना तेव्हा ‘ग्रोटेस्क’ अशी फोडही करून देतो. सिनेमानंतर हा शब्द देशभर रूढ झाला.

पुढे मात्र हेलच हशाचं निमित्त बनला. १९८३ साली एड एडमंडसन, रिक मायल, नायजेल प्लेनर आणि पीटर रिचर्डसन यांनी ‘बॅड न्यूज’ हा काल्पनिक, ढिसाळ हेवी मेटल बँड टीव्हीवर आणला. १९८४ च्या ‘धिस इज स्पायनल टॅप’ या विडंबनपटात तर मायकेल मॅकीन, ख्रिस्तोफर गेस्ट आणि हॅरी शिअरर या तिघा अमेरिकनांनी लंडनी हेल उचलला. जे अमेरिकेची नक्कल करत गाणं शिकले, त्यांची नक्कल आता अमेरिकन करत होते! संवाद बहुतेक उत्स्फूर्त. ॲम्प्लिफायरचा आवाज दहाच्या पुढे अकरावर जातो, हे गेस्टचा नायजेल ज्या निरागसपणे समजावतो, त्यात चेष्टेपेक्षा माया जास्त आहे. म्हणूनच तो सिनेमा टिकला.

१९८६ साली ‘बॅड न्यूज’ खरोखरच डॉनिंग्टनच्या ‘मॉन्स्टर्स ऑफ रॉक’ महोत्सवात वाजवायला गेला. प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या. त्या दिवशीचा मुख्य कलाकार होता ऑझी ऑस्बोर्न, म्हणजे या विडंबनांतल्या रॉकवाल्याचा जिवंत नमुनाच.

ऑझी बर्मिंगहॅमच्या ॲस्टनचा. तिथली ब्रमी बोली ‘नाइट’ला ‘नॉइट’ करते आणि वाक्याचा शेवट खाली सोडते. इंग्लंडात ती मंदबुद्धीची खूण मानून हिणवली गेली, आणि याचा मला राग येतो. २००२ साली एमटीव्हीच्या ‘द ऑस्बोर्न्स’मध्ये घरातल्या कुत्र्यांशी नि रिमोटशी झगडणारा ऑझी अमेरिकेने पाहिला. लोक पोट धरून हसले. पण कॅलिफोर्नियात इतकी वर्षं राहूनही त्याने तो हेल टाकला नव्हता.

५ जुलै २०२५ रोजी, मृत्यूच्या सतरा दिवस आधी, ऑझी ॲस्टनच्याच व्हिला पार्क मैदानात काळ्या सिंहासनावर बसून शेवटचं गायला. पार्किन्सन्समुळे उभं राहता येत नव्हतं. मधूनमधून तो लोकांशी बोलत होता, त्याच जुन्या ब्रमीत, आणि समोर अनेकांचे डोळे भरून आले होते.