गोवरीचा आर आणि विजेची कॉइल

यवतमाळ शहराला लागून असलेल्या लोहाऱ्यात एमआयडीसी आहे, तिथे डेनिमचं कापड विणलं जातं. भोवतालच्या शिवारात कापूस, तूर, सोयाबीन. अशा गावातल्या घरात ओट्यावर मावेल असा लहान ओव्हन घ्यायचं निघालं की पहिला प्रश्न येतो : वर्षातून दोन केक करण्यासाठी एवढी जागा कशाला अडवायची? ओव्हन म्हणजे साहेबांच्या स्वयंपाकातली वस्तू, असं गृहीत धरून हा प्रश्न विचारला जातो. पण पाण्याशिवाय, नुसत्या कोंडलेल्या आचेवर अन्न भाजणं विदर्भाला कुणी शिकवावं लागलेलं नाही.

रोडगे घ्या. जाडसर दळलेली कणीक, मीठ, ओवा, तेलाचं मोहन. तेल लावलेल्या लहान पुऱ्या एकावर एक ठेवायच्या आणि वरून कणकेची पारी ओढून गोळा बंद करायचा. तिकडे गोवऱ्या पेटवलेल्या असतात. धूर संपेपर्यंत कुणी हात लावत नाही. ज्वाळा बसली, लालबुंद आर पडला की रोडगे त्यावर ठेवायचे, फिरवायचे, आणि बाहेरून रंग आला की फुफाट्यात गाडून द्यायचे. राखेचा थर आच बाहेर जाऊ देत नाही आणि गोळ्याला थेट निखारा भिडूही देत नाही, म्हणून आतल्या पुऱ्यांपर्यंत सगळं सावकाश शिजतं. राख झटकून, फडक्यानं पुसून, फोडून तुपात बुडवलेला रोडगा आणि वांग्याची भाजी, वरण. हाच प्रकार पळसाच्या पानांत चपटा करून भाजला की पानगे. ही रीत किती जुनी आहे? सोळाव्या शतकात संत एकनाथांच्या भारुडातली बाई भवानीला रोडग्याचाच नवस बोलते. चंपाषष्ठीला खंडोबाच्या नैवेद्यात आजही भरीत-रोडगा असतो.

त्या नैवेद्यात दोन वेगळ्या आगी आहेत, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. भरिताचं वांगं पऱ्हाट्या-तुराट्यांच्या भडक्या जाळावर भाजतात. साल करपायला हवी, काम झटपट व्हायला हवं. त्याच जाळावर रोडगा टाकला तर बाहेरून कोळसा आणि आत कच्ची कणीक. त्याला गोवरीच हवी. ओव्हनच्या बटणावर ‘ग्रिल’ आणि ‘बेक’ असे जे दोन शब्द छापलेले असतात, तो फरक कापसाच्या जिल्ह्यातल्या चुलीला सरपणावरूनच ठाऊक होता. कोकण-गोव्यानं यात आणखी एक पाऊल टाकलं. तिथे धोंडस किंवा बेबिंका करताना भांड्याखाली निखारे आणि वरच्या झाकणावरही निखारे. वरून-खालून आच देणारी, झाकण लावलेली पेटी. ओव्हनची सगळी कल्पना एवढीच आहे.

राहिला प्रश्न निखाऱ्याच्या जागी वीज आणण्याचा, आणि तो बरीच वर्षं अडला एका तारेपाशी. लोखंडाची तार लाल होईपर्यंत तापवली की हवेतल्या प्राणवायूनं गंजून तुटे. प्लॅटिनम टिकलं असतं, पण परवडणार कुणाला? अमेरिकेतल्या अल्बर्ट मार्श यांनी निकेल आणि क्रोमियम यांचा मिश्रधातू केला आणि १९०६ मध्ये त्याचं पेटंट मिळवलं. हा नायक्रोम तापला की त्याच्या अंगावर क्रोमियम ऑक्साइडचा पातळ थर धरतो आणि तोच तारेला वाचवतो. तीनच वर्षांत, १९०९ मध्ये, जनरल इलेक्ट्रिकचा पाव भाजायचा टोस्टर बाजारात आला. पुढे टोस्टर आडवा झाला, त्याला दार आलं, थर्मोस्टॅट आला. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर ओट्यावरचा टोस्टर-ओव्हन अमेरिकेत घरोघरी दिसू लागला.

आपल्याकडे तो थेट आला नाही. दिवाळीत रवा, मैदा, तूप, साखर घेऊन बेकरीच्या भट्टीवर नानकटाई भाजून आणायची पद्धत होती. मग ॲल्युमिनियमचा गोल ओव्हन आला, झाकणाला काच असलेला. त्यापैकी बऱ्याच ओव्हनना थर्मोस्टॅट नसे. काचेतून रंग पाहायचा आणि बटण बंद करायचं. बट्टी-रोडग्यांसाठी गॅसवर ठेवायचा जाळीचा तंदूर विदर्भातल्या कितीतरी घरांत अजून आहे. आजचा ओटीजी, म्हणजे ओव्हन, टोस्टर आणि ग्रिलर, या सगळ्यांचं काम एका पेटीत करतो. त्यातली तार धातूच्या नळीत, मॅग्नेशियम ऑक्साइडच्या पुडीत बसवलेली असते, म्हणून नळीला स्पर्श झाला तरी शॉक लागू नये.

निवड करताना ही कुळकथा फार उपयोगी पडते. वरची आणि खालची कॉइल वेगवेगळी चालू करता यायला हवी. तसं नसेल तर भरीत आणि रोडगा दोन्ही बिघडतील. नऊ-दहा लिटरची पेटी टोस्टला ठीक, पण तिची उंची कमी. रोडग्याचं डोकं कॉइलजवळ जाऊन करपतं. थर्मोस्टॅट २५० अंशांपर्यंतचा घ्या. पंखा असला तर बरं, नसला तर अडत नाही.

विजेचं गणित मात्र आधी करा. २३० व्होल्टवर १२०० वॅटचा ओव्हन सुमारे ५.२ अँपिअर ओढतो, १५०० वॅटचा साडेसहा. म्हणजे दुसऱ्याला ६ अँपिअरचा साधा प्लग चालणार नाही, १६ अँपिअरचा पॉवर प्लगच लागेल. व्होल्टेज २३० वरून २०० वर उतरलं तर उष्णता जवळजवळ चतुर्थांशानं घटते, म्हणून अशा वेळी पाककृतीतल्या मिनिटांवर विसंबू नका. थर्मोस्टॅटचा दिवा विझेपर्यंत पेटी तापू द्या. अर्ध्या तासाला १२०० वॅटचा ओव्हन जास्तीत जास्त ०.६ युनिट खातो.

गोवरीच्या धुराचा वास यातल्या रोडग्याला येणार नाही. तो हवा असेल तर शेतातच जायला हवं. पण पावसाळ्यात, पाळीवरून घरी आल्यावर, दोन माणसांसाठी चार रोडगे करायचे असतील तर आर पाडत कोण बसणार?

चौघांच्या घराला मी अठरा-वीस लिटरचा, दोन स्वतंत्र कॉइलींचा, १२०० ते १३०० वॅटचा ओव्हन सुचवेन. दुकानात जाण्याआधी ओट्यावरची जागा मापा, मागे आणि बाजूंना चार बोटं मोकळी सोडून. आणि आणल्यावर केकआधी त्यात २०० अंशांवर रोडगे लावून बघा, मधे एकदा उलटून.