पगारातून कापला जाणारा तो व्यवसाय कर

मंडळी, पगाराच्या स्लिपवर व्यवसाय कर कापलेला दिसतो ना? मीही दर महिन्याला कुरकुरतो. पण हा कर आला 1975 मध्ये, रोजगार हमीला पैसा हवा म्हणून. कल्पना वि. स. पागे यांची, पहिला प्रयोग तासगाव तालुक्यात. मग 1972चा दुष्काळ पडला. लाखो माणसं खडी फोडायला, पाझर तलाव बांधायला बाहेर पडली. त्यात बायका किती!

खरी गंमत पुढे आहे. 26 जानेवारी 1979 पासून कायदा लागू झाला आणि काम मागणं हा हक्क ठरला. ना शिक्षणाची अट, ना जातीची. 15 दिवसांत काम द्या, नाहीतर बेकारभत्ता. भत्ता किती? किमान रुपया रोज! देशपातळीवर असा कायदा व्हायला 2005 उजाडलं.