खुंटीवरचा सदरा



इतिहास म्हटला की राजे, तह आणि लढाया डोळ्यांपुढे उभ्या राहतात. आज आम्ही ज्या इतिहासाविषयी बोलणार आहोत, त्यात राजा नाही. खुंटीला अडकवलेला एक सदरा आहे. अलीकडे चित्रपटांतून आणि खेळांतून खोलीच्या खोली संगणकावर रचली जाते. भिंत साधते, पलंग साधतो, खुर्चीही साधते. पण खुर्चीच्या पाठीवर टाकलेला कोट मात्र पुष्कळदा पत्र्याचा वाटतो. हा पत्रा कापड कसा झाला, आणि त्यासाठी कुणाकुणाचे ज्ञान खर्ची पडले, हा आजचा विषय.

प्रथम अडचण नीट समजून घेऊ. कपडा अंगात असला म्हणजे त्याला खांद्याचा आणि छातीचा आधार असतो, आणि पाहणाऱ्याचे लक्ष माणसाच्या चेहऱ्याकडे असते. काढून ठेवलेल्या कपड्याला असा कोणताच आडोसा नाही. त्याचे वजन, त्याची शिवण आणि ज्यावर तो पडला ती वस्तू, एवढ्यांनीच त्याचा आकार ठरतो. शिवाय खुंटीवरचा सदरा आपण प्रत्येकाने जन्मापासून पाहिलेला आहे. त्यात खोटेपणा असला तर शाळेत न गेलेला माणूसही तो ओळखतो. मात्र कोठे चुकले हे शिकलेल्यालाही सांगता येत नाही.

याचे मूळ विणकामात आहे. ताण्याचा आणि बाण्याचा धागा ओढला तर फारसा वाढत नाही. पण तेच कापड उरेब धरून ओढा, ते लगेच सरकते. धाग्यांची लांबी कायम राहते, बदलतो तो त्यांच्यामधला कोन. ही गोष्ट प्रत्येक शिंप्याला ठाऊक आहे. ती गणितात मांडली चेबिशेव्ह या थोर रशियन गणितज्ञाने. १८७८ साली पॅरिसला त्याने कपडे बेतण्याच्या विषयावर व्याख्यान दिले आणि चेंडूवर कापड कसे बसवावे, याचा हिशेब मांडला. एवढ्या मोठ्या पंडिताला शिंप्याच्या कात्रीचा विषय हलका वाटला नाही, हे आपण ध्यानात ठेवावे.

त्यानंतरचा टप्पा मँचेस्टरचा. कापड हातात घेऊन, चोळून, त्याचा पोत सांगणारी जाणती माणसे कापडाच्या धंद्यात सर्वत्र असत. कापडाची किंमत त्यांच्या बोटांवर ठरे. कापूस-उद्योगाच्या शर्ली इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेत पीअर्स नावाच्या शास्त्रज्ञाने १९३० साली या बोटांच्या ज्ञानाला माप लावले. कापडाची पट्टी फळीच्या कडेबाहेर सरकवायची आणि ती स्वतःच्या वजनाने किती वाकते ते मोजायचे, अशी साधी युक्ती. मांजरपाटाची पट्टी पुढे ताठ राहते, मलमलीची लगेच मान टाकते. पुढे १९७० नंतरच्या दशकात जपानात कावाबाता यांनी हेच काम पुष्कळ पुढे नेले. त्यांनी गिरण्यांतील अनुभवी परीक्षकांना एकत्र बसविले, त्यांच्या तोंडचे ‘कोशी’, ‘नुमेरी’ असे ताठपणाचे व गुळगुळीतपणाचे शब्द नीट ठरवून घेतले. आणि मग ताण, सरक, वाक, दाब व पृष्ठभागाचे घर्षण मोजणारी यंत्रे तयार केली. आधी कामगाराचा शब्द, मग यंत्राचा आकडा, हा क्रम महत्त्वाचा आहे.

संगणकाचा प्रवेश यानंतर होतो. आणि गंमत अशी की त्याची सुरुवात न घातलेल्या, नुसत्या टांगलेल्या कापडापासूनच झाली. १९८६ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या जेरी वाइल यांनी काही बिंदूंवर अडकवलेले कापड संगणकावर काढून दाखविले. दोन खुंट्यांमध्ये सैल बांधलेल्या दोरीला जो झोळ पडतो, त्याच वक्ररेषांनी त्यांनी कापडाचे सळ पाडले. चित्र उत्तम होते, पण कापड हलत नव्हते. पुढच्याच वर्षी, १९८७ मध्ये, टेर्झोपूलोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लवचीक वस्तूला भौतिकशास्त्राचे नियम लावून ती हलविली. १९९४ साली ब्रीन, हाउस आणि वोझ्नी यांनी कावाबातांच्या यंत्रावर मोजलेले आकडे संगणकाला दिले आणि सुती, लोकरीचे व मिश्र कापड एका ठोकळ्यावर टाकले. तिन्हींच्या चुण्या निराळ्या पडल्या. परीक्षकाच्या बोटांतले ज्ञान असे पडद्यावर पोहोचले.

तरी दोन दुखणी उरली. पहिले असे : धागा ताणायला फार कडक असल्यामुळे संगणकाला क्षणाचे अतिशय बारीक तुकडे करून हिशेब करावा लागे. तुकडा थोडा मोठा झाला की आकडे भडकत आणि कापड फुटून विखरत असे. १९९८ साली बाराफ व विटकिन यांनी पुढच्या क्षणी कापड जेथे पोहोचेल तेथील ताण आधीच हिशेबात घेण्याची रीत कापडाला लावून दाखविली, आणि मोठी पावले टाकता येऊ लागली. १९९७ सालच्या ‘गेरीज गेम’ या पिक्सारच्या लघुपटात बुद्धिबळ खेळणाऱ्या म्हाताऱ्याचा कोट पाहून लोक थक्क झाले होतेच. दुसरे दुखणे खास काढून टाकलेल्या कपड्याचे. ढिगात सदऱ्याचा थर थरावर पडतो, बाही खिशाखाली दबते. संगणकाला ‘आत’ आणि ‘बाहेर’ कळत नाही. एक थर दुसऱ्यातून आरपार निघतो. ब्रिडसन, फेडकिव आणि अँडरसन यांनी २००२ साली टक्कर, स्पर्श व घर्षण यांचा पक्का बंदोबस्त केला, तेव्हा कपड्यांचा ढीग ढिगासारखा दिसू लागला.

पुढे विणीचा विचार झाला. स्वेटर ताण्याबाण्याचा नसतो, तो फाशांचा असतो. म्हणून २००८ साली काल्डोर, जेम्स आणि मार्शनर यांनी स्वेटर एकेका धाग्याने संगणकात विणला. २०१३ मध्ये मिगेल आणि सहकाऱ्यांनी कापडाच्या पोटातले घर्षण मोजले. धागा धाग्यावर घासतो, म्हणूनच घडी मोडली तरी चुणी मागे राहते. कोपराशी पडलेली सुरकुती, गुडघ्याशी आलेला फुगवटा ही त्या कपड्याची आठवण होय. ती नसेल तर सदरा दुकानातला वाटतो, माणसाचा वाटत नाही.

आजची कामाची रीत पाहिली तर ती शिंप्याचीच आहे. जिनिव्हा येथे मान्येना-थालमान यांच्या मंडळींनी १९९२ च्या सुमारास सपाट तुकडे संगणकात जोडून कपडे शिवण्याचा मार्ग दाखविला. आज तोच रुळला आहे. पाठ, पुढचे पल्ले, बाह्या वेगळ्या बेततात. कॉलरला बकरम असते म्हणून तेथे ताठपणा वाढवितात. दुहेरी शिवणीला आणि बटणाला वजन देतात. मग सदरा एका बिंदूवर अडकवितात किंवा खुर्चीवर वरून सोडतात आणि त्याला आपल्या भाराने निवांत बसू देतात. हाताने सुरकुत्या कोरण्यापेक्षा हे बरे. कपडा कसा शिवला आणि कसा काढून टाकला हे ज्याला कळते, त्याचाच कपडा खरा दिसतो.

येथे आमच्यासारख्या कामगार संघटनेच्या माणसाला एक प्रश्न टोचतो. विणकराची, शिंप्याची, परीक्षकाची विद्या आकड्यांत गेली. आकडे यंत्रात गेले. यंत्र कंपनीच्या मालकीचे झाले. आणि त्या यंत्रापुढे रात्र रात्र बसून सदऱ्याची चुणी जुळविणारा जो आहे, तोही पुन्हा कामगारच आहे. २०१३ च्या फेब्रुवारीत रिदम अँड ह्यूज या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला, आणि त्याच महिन्यात तिने काम केलेल्या ‘लाइफ ऑफ पाय’ला दृश्य-परिणामांचे ऑस्कर मिळाले. आत बक्षीस वाटले जात होते, बाहेर रस्त्यावर याच धंद्यातले शेकडो कारागीर निदर्शने करीत होते. या कंपनीची शाखा आपल्या मुंबईतही होती. पुढे सप्टेंबर २०२३ मध्ये मार्व्हल स्टुडिओच्या दृश्य-परिणाम कामगारांनी एकमताने संघटनेच्या बाजूने कौल दिला. माग बदलला, मागावरचा माणूस बदलला नाही.

यंत्राला दोष देण्याचा आमचा हेतू नाही. सव्वाशेहून अधिक वर्षांच्या या शोधाने जे सिद्ध केले, ते श्रमिकाच्या मानाचे आहे. साध्या सदऱ्याची घडी समजण्यासाठी चेबिशेव्हपासून आजपर्यंतच्या विद्वानांना कष्ट पडले, आणि ती घडी ज्यांच्या बोटांना आधीच कळत होती, त्यांना आपण अडाणी म्हणत आलो. तेव्हा पडद्यावर एखादी खुर्ची आणि तिच्यावरचा कोट खराखुरा वाटला, तर एवढेच मनात आणावे की हा खरेपणा हातांनी कमावलेला आहे. त्या हातांचे नाव श्रेयनामावलीत यावे आणि दाम वेळेवर त्यांच्या पदरात पडावे, ही मागणी जुनी असली तरी अजून पुरी व्हायची आहे.