चार कोर, एक पंखा आणि एप्रिलमधलं कोल्हापूर

हा भाग मोबाईलवर ऐकत असाल तर जरा त्याच्या पाठीला हात लावून बघा. तासभर गेम खेळलं की तो तापतो, आणि मग स्वतःच हळू होतो. या उष्णतेनेच वीसेक वर्षांपूर्वी प्रोसेसर बनवणाऱ्यांना रस्ता बदलायला लावला. आज तो इतिहास सांगतो. मधे आमच्या घरातला एक जळका मदरबोर्डही येईल, तेवढं समजून घ्या.

२००० साली पेंटियम ४ आला तेव्हा सगळी शर्यत गिगाहर्ट्झची होती. इंटेलवाले तर १० गिगाहर्ट्झची भाषा बोलत होते. प्रत्यक्षात २००४ मध्ये गाडी ३.८ वर अडकली. त्या पिढीचे प्रोसेसर १०० वॅटच्या पुढे गेले होते. मे २००४ मध्ये इंटेलने 'तेजस' नावाचा पुढचा प्रोसेसर रद्द केला आणि ऑक्टोबरमध्ये ४ गिगाहर्ट्झचा पेंटियमही सोडून दिला. त्यांचे प्रमुख क्रेग बॅरेट यांनी एका परिषदेच्या व्यासपीठावर गुडघे टेकून माफी मागितली होती. गंमतीत, पण टेकले खरे.

मग एक कोर जोरात पळवण्यापेक्षा जास्त कोर बेताने पळवायचे ठरलं. आपल्याकडे हा विचार नवीन नव्हता बरं का. अमेरिकेने क्रे सुपरकॉम्प्युटर द्यायला खळखळ केली, म्हणून १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक उभी राहिली. विजय भटकर यांच्या टीमने १९९१ मध्ये 'परम ८०००' बनवला, तो ट्रान्सप्युटर नावाच्या बऱ्याच साध्या चिप एकत्र जुंपून. त्यांचं कारण वेगळं होतं, पण युक्ती तीच. इंटेलचा पहिला डेस्कटॉप क्वाड-कोर आला नोव्हेंबर २००६ मध्ये.

आणि जानेवारी २००७ मध्ये आला आपला हिरो, क्यू६६००. आतून बघितलं तर ड्युअल-कोरच्या दोन चिप एकाच पॅकेजमध्ये शेजारी बसवलेल्या. वेग २.४ गिगाहर्ट्झ. सुरुवातीची किंमत ८५१ डॉलर, जुलैपर्यंत २६६. त्याच सुमारास त्याची 'जी-झिरो' नावाची सुधारित आवृत्ती आली. १०५ वॅटच्या जागी ९५ वॅट. जगभरची पोरं तुटून पडली.

कारण हिशोब फार सोपा होता. २६६ मेगाहर्ट्झचा बस गुणिले ९, म्हणजे २.४ गिगाहर्ट्झ. बायोसमध्ये जाऊन २६६ चं ३३३ केलं की झाले ३ गिगाहर्ट्झ. फुकटात. पण वेग वाढवला की कधी कधी व्होल्टेजही वाढवावं लागतं, आणि खरी गोम तिथे आहे. वेग वाढतो त्या प्रमाणात उष्णता वाढते, पण व्होल्टेज वाढतं त्याच्या वर्गाच्या प्रमाणात. समजा १.२५ व्होल्टचे १.४ केले आणि वेग सव्वापट केला, तर उष्णता साधारण दीडपटीच्याही वर जाते. ९५ वॅटचे जवळपास १५० होतात. या आवृत्तीसाठी इंटेलने ठरवलेली वरच्या झाकणाची मर्यादा होती ७१ अंश.

आता कोल्हापूरला या.

२०१५ मध्ये मी बारावी देऊन बसलो होतो. पप्पांनी सेकंडहँड पीसी घेऊन दिला होता, क्यू६६०० वाला. त्यांचं उद्यमनगरात लेथचं छोटं शॉप, वर पत्रा. पीसी तिथेच माळ्यावर, कारण त्यावर त्यांची वर्षभराची बिलं आणि गिऱ्हाइकांची ड्रॉइंग असायची. मी इंटरनेटवर वाचून ३ गिगाहर्ट्झ केले, व्होल्टेज गरजेपेक्षा जास्तच दिलं. ते लेख लिहिणाऱ्यांच्या खोलीत २० अंश. आमच्या माळ्यावर एप्रिलच्या दुपारी सहज ३८. हवेवर थंड होणारा प्रोसेसर खोलीपेक्षा थंड होऊच शकत नाही, म्हणजे शर्यत सुरू व्हायच्या आधीच मी १८ अंशांनी मागे. त्यात कूलर कंपनीने सोबत दिलेला, आणि त्याच्या पत्र्यांत खालच्या शॉपची तेलकट धूळ.

चार दिवस लय भारी चाललं. पाचव्या दिवशी वास आला आणि स्क्रीन काळी.

मला वाटलं प्रोसेसर गेला. पण गेले होते मदरबोर्डवरचे मॉसफेट, जे प्रोसेसरला वीज पुरवतात. चार कोरांची वाढीव भूक स्वस्तातल्या बोर्डने पेलायची, आणि त्या मॉसफेटवर साधा अॅल्युमिनियमचा तुकडाही नव्हता. मी नजर ठेवून होतो फक्त प्रोसेसरच्या तापमानावर. हार्डडिस्क वाचलीय की नाही हे कळायला दोन दिवस गेले. ते दोन दिवस पप्पा हाताने बिलं लिहीत होते आणि मी त्यांच्यासमोर जायचं टाळत होतो. शेवटी त्यांनीच हाक मारली. म्हणाले, "स्पीड वाढवलास ते ठीक रं, पण कूलंट किती सोडलंस?"

मी पंखा दाखवला. ते हसले. लेथवर स्पीड वाढवताना ते आधी पांढऱ्या कूलंटची धार वाढवतात, नाहीतर टूल निळं पडतं. चाळीस वर्षं लोखंड कापणाऱ्या माणसाला जे हातातून कळत होतं, ते मी फोरमवर शोधत होतो.

मोठ्या यंत्रांनाही शेवटी धारच लागते. १९८५ चा क्रे-२ अख्खा एका द्रवात बुडवलेला असायचा. २०१९ मध्ये पुण्याच्या आयसरमध्ये 'परम ब्रह्म' बसवला, त्यातही थंड द्रव थेट प्रोसेसरवरच्या प्लेटमधून फिरवतात. आणि तुमच्या मोबाईलमध्ये पंखाही नाही, म्हणून तापला की तो वेग सोडतो. माझा पीसी तेवढा शहाणा नव्हता, आणि मी तर नव्हतोच.

हार्डडिस्क शाबूत निघाली. पुढे जुन्या बाजारातून दुसरा बोर्ड आणला, तोच क्यू६६०० त्यावर बसवला. अजून शॉपमध्ये बिलं काढतोय, २.४ वरच. बायोसला पासवर्ड आहे. तो पप्पांनी टाकलाय, आणि मला अजून सांगितलेला नाही.